थापी लपवायची सवय

“तेवढं काढून टाका.”

एवढंच बोलले मालक. ओरडले न्हाईत. शिवी दिली न्हाई. माझ्याकडं बघितलं बी न्हाई. खाली उभ्या असलेल्या शेषेराव मिस्त्रीला म्हणले आणि बोट वर केलं. बोटाच्या टोकाला मी होते. बांबूच्या परांचीवर उभी, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, उजव्या हातात थापी. समोर दाराच्या वरची भिंत. निम्मी भिंत गिलावा मारून झाली होती. ओली होती. माझ्या हातची होती.

मिस्त्री म्हणला, “कामून मालक? लाइनीत हाय की. पट्टी लावून बघा.”

“लाइनीचं न्हाई बोलत मी. दर्शनी भिंत हाय. लग्न हाय पुढं घरात. तिला कळत नसंल, तुमाला तर कळाया पाहिजे.”

मला कळलं. बाईला असलं लगेच कळतं. घाम पुसायला हात वर नेला तर कपाळाला सिमेंट लागलं. कपाळावर दुसरं काही न्हवतंच. बारा महिने मोकळं कपाळ. ते बघूनच बोट वर झालं होतं.

ही गोष्ट कुणाला सांगितली की ऐकणारा आधी जात इचारतो. माझी आणि मालकाची जात एकच हाय. खोदून काढलं तर कुठंतरी सोयरिक बी निघंल. फरक एवढाच, त्यांच्या विहिरीला पाणी आणि गावात शब्दाला वजन. आमच्याकडं माळाचा एक तुकडा, त्यात कुसळं. त्यांचा ऊस कारखान्याला जायचा आणि आमची माणसं ऊस तोडायला जायची. तसल्याच एका उसाच्या ट्रॉलीखाली माझा नवरा गेला. लेक तवा कडेवर होती. दहाव्याला बायांनी माझ्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. पुसणारीच्या बोटाला माझं कुंकू लागलं असंल. तिनं ते पदराला पुसलं आणि ती सवाशीनच राहिली. मी मात्र त्या दिवसापासून दुसरीच कोणीतरी झाले. हळदी-कुंकवाला बोलावणं बंद. ओटी भरायची असली की बाया मला म्हणायच्या, “तू जरा आत बघ गं, चहा उतू जाईल.” चहा ठेवलेलाच नसायचा.

शेषेराव मिस्त्री नवऱ्याचा दोस्त. मी त्याला भाऊजी म्हणते, तो मला वयनी. त्यानंच मला गंगाखेडच्या नाक्यावर आणलं, माल कालवायच्या कामाला लावलं. खोटं कशाला बोलू, त्यानं कधी वाकड्या नजरेनं बघितलं न्हाई. लेकीला ताप आला तर स्वतःच्या गाडीवर बसवून डॉक्टरकडं न्यायचा. म्हून तर पुढचं सगळं जास्त लागलं मला.

माल कालवणं लोकांना सोपं वाटतं. आधी वाळू चाळायची. पूर्वी गंगेची वाळू यायची. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. मऊ, धुतलेली वाळू. आता ती कुठं मिळती? दगड फोडून केलेली क्रश सँड येती. तिची धूळ नाकातोंडात बसती आणि तिचे कोपरे बोटं कापतात. मग त्यात कोरडं सिमेंट. खोऱ्यानं इकडून तिकडं, तिकडून इकडं, सगळ्याचा रंग एक होईस्तवर. मग मधी आळं करायचं, पाणी सोडायचं. पाणी कमी पडलं तर माल भिंत धरत न्हाई. जास्त झालं तर ढासळून खाली येतो. आतल्या भिंतीचं काही चुकलं तर रंगात झाकून जातं. बाहेरची भिंत ऊन खाती, पाऊस खाती आणि काही झाकत न्हाई. मग घमेलं डोक्यावर आणि शिडी. पुन्हा खाली. पुन्हा वर. दिवस मावळला की मान हाय का गेली, कळत न्हाई.

सिमेंट हात खातं. माझ्या बोटांवरच्या रेषा गेल्या. रेशनच्या मशीनवर माझा अंगठा उमटत न्हाई. दुकानदार म्हणतो, “बाई, हात धुऊन ये.” धुतलेलाच असतो बाबा. तो तसाच हाय आता.

थापी माझ्या हातात आली ती भाऊजीच्या खांद्यामुळं. सोनपेठकडच्या एका कामावर परांचीचा बांबू सुटला आणि भाऊजी पडला. जीव वाचला, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. मिस्त्रीचा हात वर जाईना म्हणजे मिस्त्री संपला. त्यानं कुणालाच सांगितलं न्हाई. मला म्हणला, “वयनी, वरचं तेवढं तू मार. खालचं मी बघतो. पण बोलू नको कुठं.”

पहिल्या दिवशी मी मारला तेवढा माल खाली आला. भाऊजी खालून ओरडला, “अगं माय, भिंतीला मार, मह्या डोक्याला न्हाई!” हसून हसून माझ्या हातून थापीच सुटली. नवरा गेल्यावर मी पहिल्यांदा अशी हसले असंल. मग जमत गेलं. भिंत आधी भिजवून घ्यायची, न्हाईतर ती मालातलं पाणी ओढून घेती. थापीवर माल घ्यायचा आणि मनगटाच्या हिसक्यानं हाणायचा. लेपायचा न्हाई, हाणायचा. नीट बसला की आवाज येतो. फट्ट. तो आवाज आला की मला बरं वाटायचं. लय बरं वाटायचं. कालवताना मी कुणाचं तरी काम करायले असं वाटायचं. मारताना वाटायचं, माझं काम करायले. भाऊजीनं त्याची एक झिजलेली थापी मला दिली. म्हणला, “घे, तुझ्या हाताला बसंल. तुझीच समज.” मी ती रोज घरी न्यायचे. लेकीनं तिच्या मुठीला निळी चिंधी गुंडाळून दिली होती.

पण एक होतं. गाडीचा आवाज आला की थापी लपवायची.

मालक लोक काम बघायला गाडीवर येतात. आवाज आला की मी थापी भाऊजीकडं खाली द्यायची, घमेलं उचलायचं आणि तोंड भिंतीकडून फिरवायचं. मालक आला की मिस्त्री भिंतीला आणि बाई मालाला. जसं पाहिजे तसं. तो गेला की पुन्हा थापी वर. आम्हाला त्याची एवढी सवय झाली होती की बोलायची बी गरज पडत न्हवती. दुरून बुलेट वाजली की माझा हात आपोआप खाली जायचा. कधीकधी घरी भाकरी थापताना रस्त्यावरून गाडी गेली की माझे हात थांबायचे. लेक हसायची. म्हणायची, “आई, भाकरीच हाय गं ती.” मी बी हसायचे. आता आठवलं की हसू येत न्हाई.

बाई मिस्त्री असती का कुठं? माल कालवावा, विटा वाहाव्यात, पाणी मारावं. थापी पुरुषाची. असं कुठं लिहिलेलं न्हाई, पण सगळ्यांना पाठ हाय. मला बी होतं. म्हून मी इतकी वर्षं लपवत आले आणि त्यात मला काही वावगं वाटलं न्हाई. नाव त्याचं, हात माझा, पोट दोघांचं. चाललं होतं.

तर राणीसावरगावच्या रस्त्याला मालकाचं हे घर. दोन मजली, मळ्याच्या कडंला. पोराचं लग्न ठरलेलं, मांडव ह्याच घरापुढं पडायचा होता. उत्तरेची भिंत झाली होती, दक्षिणेची झाली होती, गच्चीचा कठडा झाला होता. वरचं सगळं माझ्या हातचं. कुणाला पत्ता न्हवता. दर्शनी भिंत पूर्वेची. सकाळी तिच्यावर ऊन, म्हून दुपारनंतर घेतली, सावली आल्यावर. मी दाराच्या वर मारायले होते आणि भाऊजी खाली चौकटीच्या बाजूला. त्या दिवशी मालक गाडीवर आले न्हाईत. मळ्यातून पायी आले, मागच्या बाजूनं. आवाजच आला न्हाई. आणि थापी माझ्या हातात राहिली.

बस्स. एवढीच चूक.

भाऊजी शिडीकडं निघाला. मला म्हणला, “उतर वयनी, मी काढतो.”

मालक म्हणले, “तिलाच काढू द्या की. तुमी कशाला चढता? खांदा दुखतो ना तुमचा.”

म्हणजे त्यांना खांदा ठाऊक होता. ते माझ्या तवाच ध्यानात यायला पाहिजे होतं. पण तवा माझं ध्यान जाग्यावर कुठं होतं?

मी काढलं. थापी उलटी धरली आणि वरून खाली ओढली. ओला माल सोलून निघतो तवा लगेच पडत न्हाई, जरा वेळ लोंबतो. मग खालच्या ताडपत्रीवर पडतो. मारताना फट्ट वाजतो, पडताना भद्द वाजतो. मालक खाली उभे होते. अंगावर उडू नये म्हून दोन पावलं मागं सरकले. मी काढत गेले. कोपऱ्यात चौकटीजवळ मी लय निगुतीनं धार काढली होती. ती पण गेली. विटा पुन्हा उघड्या पडल्या. मला रडू आलं असं सांगितलं तर लोकांना बरं वाटतं. मला रडू आलं न्हाई. मला झोप आल्यासारखं झालं. वाटलं, इथंच परांचीवर बसावं आणि डोळे मिटावेत.

उतरले. ताडपत्रीवर मालाचा ढीग.

मालक म्हणले, “वाया घालू नका हां. अजून ओला हाय. परत कालवा आणि तुमी लावा मिस्त्री.”

भाऊजीनं माझ्याकडं बघितलं. मी खोऱ्याकडं. खोरं धरायला तिथं दुसरं कुणी न्हवतं.

तवा माझ्या तोंडातून निघून गेलं. “मालक, कालवायला चालते का मी?”

पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई. लेकराला समजवावं तसं. म्हणले, “माल म्हणजे काय गं बाई, चिखल. चिखलाला काय असतंय? भिंत म्हणजे लक्ष्मी.”

मी त्याच मालात पाणी सोडलं. खोरं उचललं. कालवलं. माझ्या हातचा म्हून जो भिंतीवरून उतरवला, तोच माल, त्याच हातानं कालवून, मी घमेल्यात भरून भाऊजीला दिला. त्यानं परांची एक बांबू वर चढवून बांधली, म्हणजे हात खांद्याच्या खाली राहील. आणि त्यानं मारला. संध्याकाळपर्यंत दात-ओठ खाऊन मारला. मालकाची लक्ष्मी शुद्ध झाली. मी मधी एकदा बघितलं, भाऊजीच्या डोळ्यात पाणी होतं. खांद्याचं होतं का आणखी कशाचं, मी इचारलं न्हाई.

मालकीणबाई चहा घेऊन आल्या. चांगल्या कपात, बशीसकट. माझ्याजवळ टेकल्या. म्हणल्या, “राग धरू नको गं. आमी असलं काही मानत न्हाई. पण लग्नघर हाय. पाहुणे येणार, चार लोक नावं ठेवतात.”

मी म्हणले, “न्हाई हो, राग कशाचा.”

चहा पिले. गोड होता. मानत न्हाईत आणि करतात. मानणारा बरा, त्याच्याशी तोंडावर भांडता तरी येतं. ह्यांच्याशी काय भांडावं? कपबशी धुऊन पालथी घातली आणि शेवटच्या गाडीनं गंगाखेडला आले.

घरी लेकीनं माझ्या हाताला खोबरेल लावलं. कॉलेजला जाती ती आता. हात चोळता चोळता म्हणली, “आज काय झालं गं?” मी सगळं सांगितलं. तिला काही लपवत न्हाई मी.

“मग तू काय म्हणलीस?”

“काय म्हणणार.”

ती तेल बोटांच्या फटीत जिरवत राहिली. मग खाली मान घालूनच बोलली, “आई, मह्या लग्नात बी असंच का गं? मला हळद कोण लावणार मग?”

मी म्हणले, “मामी लावतील की. चुलत्या हायेत.”

“तू?”

एवढा वेळ जी झोप अंगात भरली होती ती उडाली. लेक मी एकटीनं वाढवली. तिचं दूध मी, तिची फी मी, तिच्या तापात जागणारी मी. आणि तिच्या अंगाला हळद लागायची वेळ आली की मी आत जाऊन चहा बघायचा. आणि मी जाणार होते! त्याचंच वाईट वाटलं. मला कुणी हाकलावं लागलं नसतं. गाडीचा आवाज आल्यासारखी मी आपोआप उठून आत गेले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कामावर. न जाऊन सांगता कुणाला? पहिलं काम दर्शनी भिंतीला पाणी मारायचं. मीच मारलं. पाणी चालतं माझ्या हातचं. पाइपाची धार भिंतीवर सोडली आणि सिमेंटचा ओला वास आला. मला तो वास आवडतो. त्या दिवशी नाक धरावंसं वाटलं.

मग मागच्या भिंतीची तयारी. पश्चिमेची भिंत, सकाळी सावलीत. पावसाचं तोंड तिकडंच, म्हून ती नीट पाहिजे. वरपासून खालपर्यंत सलग उंच. पुढं केलं तसं परांची सरकवत एका हातानं भाऊजीला ती झेपणार न्हवती. ते त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आता कळलं की मालकाला बी ठाऊक होतं. कारण ते आले तेच मुळी खुशीत. ह्या वेळी गाडीवर आले. आवाज आला आणि माझा हात खाली गेला. थापी पिशवीतच होती, तरी गेला.

म्हणले, “बाई, मागची भिंत मार तू बिनधास्त. मागं कोण बघायलंय? आमचं काही म्हणणं न्हाई.”

भाऊजीचा चेहरा उजळला. “बघ वयनी! मालकाचं मन मोठं हाय.”

इतकी वर्षं लपवलेलं उघड करायची परवानगी मिळाली होती. थापी लपवायची गरज न्हवती. फक्त भिंत मागची होती. जिथं उकिरडा, जिथं संडासाचा पाइप उतरतो, तिथं माझा हात चालणार होता. वाळूवर टाकलेलं खोरं मी उचललं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

“न्हाई,” मी म्हणले.

मालकाला वाटलं मी लाजले. हसून म्हणले, “अगं मार की. मी सांगायलो ना.”

“समोर चालत न्हाई तर मागं बी न्हाई. कालवणार बी न्हाई. माल चिखल असंल तर तुमी कालवा.”

“वयनी!” भाऊजी म्हणला.

“आणि मालक, उत्तरेची भिंत कुणी मारली, इचारा ह्यांना. दक्षिणेची इचारा. गच्चीचा कठडा इचारा. काढायचं असंल तर सगळं काढा.”

सिमेंटच्या फोडलेल्या पोत्याचा कागद वाऱ्यानं फडफडत होता. मालकीणबाई स्वयंपाकघराच्या खिडकीत आल्या होत्या. मालकांनी मान वळवली.

“मिस्त्री?”

भाऊजीनं डाव्या हातानं उजवा खांदा धरला. नेहमीची सवय. खांदा चोळत चोळत, जमिनीकडं बघत म्हणला, “मीच मारली की मालक. ती उगंच बोलायली. काल मनाला लागलंय तिच्या.”

मालक त्याच्या खांद्याकडं बघत होते. सरळ खांद्याकडं. काल त्यांच्याच तोंडातून निघालं होतं की हा खांदा दुखतो. दोन मजल्यांच्या भिंती असल्या खांद्यानं होत न्हाईत, हे शेतात राबणाऱ्या घरातल्या माणसाला सांगावं लागतं का? पण लग्न तोंडावर होतं. पुन्हा भिंती सोलायच्या, पुन्हा मारायच्या, कुठं वेळ होता. त्यांनी मान हलवली.

“तेच म्हणलं मी,” म्हणले. “तुमीच मारली असणार.”

खरं मी त्यांच्या दारात नेऊन ठेवलं होतं आणि त्यांना खोटंच पाहिजे होतं. लक्ष्मी बाटली काय, न बाटली काय, कुणाच्या देवाला त्याचं पडलं न्हवतं. बाई समोरून हटली पाहिजे, एवढंच होतं सगळं. हे ज्या क्षणाला कळलं त्या क्षणाला माझ्या डोक्यावरचं काहीतरी उतरलं. हलकं वाटलं असं न्हाई म्हणणार. घमेलं उतरलं तरी मान दुखतच राहती.

मालकाचा एवढा राग आला न्हाई मला. त्यांच्याकडून काय धरून चालले होते मी? राग आला भाऊजीचा. लय आला. माझा हात त्याचा म्हून चालला, आणि सांगायची वेळ आली तवा त्यानं तो गिळला. आणि खरं सांगू, दया बी आली. त्याची इज्जत त्या खांद्यावर टांगलेली होती. ती माझ्या खऱ्यानं पडली असती. पण माझी कशावर टांगायची? हे त्यानं एवढ्या वर्षांत कधी इचारलं न्हाई. मी बी न्हाई.

मी पिशवीतून थापी काढली. साडीवरचा शर्ट काढून घडी घातला. निघाले.

भाऊजी मागं आला, फाटकापर्यंत. आवाज खाली करून म्हणला, “असं नको करू गं. मी बोलतो त्यांच्याशी. लग्न होऊ दे, मग बघू.”

“काय बघू भाऊजी?”

तो मग चिडला. “थापी ठेव वयनी. ती मही हाय.”

“तुमीच म्हणले होते, तुझीच समज.”

“थापी खाली ठेव!”

“न्हाई ठेवत.”

तो थांबला. मग ज्याची मला भीती होती तेच बोलला, पण दुखवायला न्हाई, खरंच काळजीनं बोलला. “बाई मिस्त्री नसती गं कुठं. कोण बोलावंल तुला?”

त्या सवालाचं उत्तर मला आज बी देता येत न्हाई. रस्त्यावर आले आणि गंगाखेडच्या गाडीची वाट बघत उभी राहिले. हातात थापी होती. येणारी-जाणारी माणसं बघायली होती. लपवायला पदर होता, पिशवी होती. न्हाई लपवली.

मालकाच्या पोराचं लग्न थाटात झालं. मी एकदा बसमधून जाताना बघितलं. मागची भिंत दुसऱ्या मिस्त्र्यांनी येऊन मारली असंल. माझ्यावाचून काही अडलं न्हाई. आपल्यावाचून अडतं असं वाटणं बी एक खूळच. उत्तरेच्या भिंतीवर लायटिंगच्या माळा सोडल्या होत्या, वरपासून खालपर्यंत. माझ्या भिंतीवर. सून आली, नांदायली. विधवेच्या हातानं कुणाचं काही बिघडलं न्हाई, पण ते तिथं कुणाला ठाऊक न्हाई आणि सांगितलं तरी पटणार न्हाई.

आता नाक्याचं सांगते. गंगाखेडच्या नाक्यावर मिस्त्री लोक चहाच्या टपरीजवळ उभे राहतात, थापी पिशवीतून अर्धी बाहेर दिसंल अशी ठेवून. बिगारी बाया पलीकडं कट्ट्याला बसतात. मी आता टपरीजवळ उभी राहते. थापी हातात. पहिल्या दिवशी एकानं शिट्टी मारली. “आल्या मिस्त्रीणबाई! या, बसा, चहा सांगू का?” मिस्त्री हसले. पलीकडच्या बाया त्यांच्यापेक्षा जास्त हसल्या. ते जास्त लागलं. भाऊजी बी असतो तिथं. तो हसत न्हाई. तो दुसरीकडं बघतो. त्याच्यासंगं आता एक पोरगा असतो वरचं मारायला. पोरग्याची थापी लपवावी लागत न्हाई.

काम मिळतं का? कवातरी. सोनपेठकडं एक गोठा मिळाला होता. म्हशीला कपाळ बघायचं नसतं. एक हौद मिळाला. एका घराचं कुंपण मिळालं, त्या माणसानं सारखं मागं उभं राहून बघितलं. बाकी दिवस उन्हात उभं राहायचं आणि घरी यायचं. कालवायला गेले असते तर रोज काम मिळालं असतं. लोक मला म्हणतात, “कालवायला काय होतंय? हात कामाला लागला म्हणजे झालं.” त्यांचं बी खरं हाय. घरात डबे खडखडायलेत. लेकीनं कॉलेज सुटल्यावर शिवणकाम धरलंय. मी थकले. रोज सकाळी उठताना वाटतं, जाऊ दे, बसावं कट्ट्यावर. रोज वाटतं. कुणाला सांगायची लाज न्हाई मला.

पण लेकीला मी सांगून ठेवलंय. तुझी हळद मी लावणार. पहिली मी. ज्याला उठून जायचं त्यानं मांडवातून उठून जावं. ती म्हणली, “आणि तिकडचे लोक?” मी म्हणले, ते बी जाऊ देत. तुला हळद लावणारा हात माझाच पाहिजे. माझ्या हाताला रेषा न्हाईत, हळद कशी उमटंल ते बघू.

परवा नाक्यावर एक पिकअप येऊन थांबला. आवाज लांबून आला आणि माझा हात हलला. अजून हलतो तो. एवढ्या वर्षांची सवय, जाती कुठं लगेच? गाडीतल्या माणसानं काच खाली केली.

“मिस्त्री एक पाहिजे, बाहेरच्या भिंतीला. आन कालवायला एक बाई.”

टपरीजवळचे पुढं सरकले. कट्ट्यावरच्या बाया उठल्या. त्याची नजर माझ्यावर पडली, मी सगळ्यात जवळ होते.

“ए बाई, चल. येती का कालवायला?”

“लावायला येते. कालवायला न्हाई.”

त्यानं माझ्या हाताकडं बघितलं, कपाळाकडं बघितलं. मिस्त्र्यांकडं बघून हसला. एकाला मागं बसवलं, एका बाईला मागं चढवलं आणि गाडी गेली. धूळ अंगावर आली. चहावाला म्हणला, “बाई, घरी जा आता. दहा वाजून गेले.”

गेले न्हाई. पलीकडून दुसरी गाडी येत होती. आवाज जवळ आला, हात हलला, मी मूठ आवळली. थापी खाली ठेवली न्हाई. ठेवणार न्हाई.